दशक सुटा करताना

बुधवारी गुळवेबाईंनी शेवटचा तास कापला.
कापला म्हणजे काय, सगळी पोरं
खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बसवली,
स्वतः पेटी काढली, जिचा एक सूर
दाबला की दाबलेलाच राहतो,
आणि आम्हाला म्हणाल्या, "वर जा. दार लावा.
चाळीस मिनिटं तुम्हाला कुणी काही मागणार नाही."

आम्ही चौघं. तुर्भे स्टोअरची शाळा, दुसरा मजला,
खिडकीखाली डंपरची रांग,
बाकांवर धूळ, तिच्यात पोरांनी बोटानं काढलेली नावं.
एकोणीस वर्षांत या माणसांसोबत मी
डबा खाल्लाय, मतदार याद्या तपासल्यात,
खिचडीचा तांदूळ मोजलाय,
कुणाच्या सासूचा कुठला गुडघा दुखतो, पाठ आहे.
पण मढवीबाई भागाकार कसा शिकवतात
हे मला ठाऊक नव्हतं.
आमच्या दोन वर्गांत एकच भिंत आहे.

खरं सांगते, मी आधारचे फॉर्म घेऊनच वर गेले होते.
वेळ आहे तर भरून टाकू.

मुकादम सरांनी मध्ये एक वही ठेवली.
वैजंती राठोड, चौथी. गेल्या वर्षी माझ्याकडे होती.
बावन्न वजा सत्तावीस, उत्तर पस्तीस.
पानभर तसंच. अक्षर देखणं, समास आखलेला.
"निष्काळजी," इंगवले म्हणाला.
मढवीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"नाही रे. निष्काळजी पोर दर वेळी वेगळं चुकतं.
ही एकाच रीतीनं चुकतेय. हिचा नियम आहे:
मोठ्यातून लहान काढायचा,
मग तो वर असो की खाली."
तिचा बाप वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलतो.
नसेल त्याच्यातून काय काढणार,
एवढा हिशेब तिला घरीच कळला असावा.

"तुम्ही कसं सांगता?" सरांनी मला विचारलं.
मी नेहमीचं म्हटलं:
शेजारी जा, एक उसना आण, झाले बारा.
"एक आणला, मग दहा कसे वाढले?"
सर चिडवत नव्हते. त्यांना खरंच हवं होतं.

पंखा. डंपर. खाली पेटीचा तो अडकलेला सूर.

"माहीत नाही," मी म्हणाले.
"माझ्या बाईंनी मला असंच सांगितलं होतं."
हे वाक्य मी साहेबांसमोर बोलले नसते.
नवऱ्यासमोरही नाही.
इंगवले वहीकडे बघतच पुटपुटला,
"मीपण पाठच केलंय."

मग मढवीबाईंनी पिशवीतून खराट्याच्या काड्या काढल्या,
दहा-दहाच्या पाच जुड्या, दोन सुट्या.
"शेजारी कोण नाही. उसनं काही नाही.
आपलाच दशक. तो सुटा करायचा, बस."
रबर ओढला. काड्या घरंगळल्या, तीन बाकाखाली गेल्या,
आणि आम्ही चार थोराड माणसं
गुडघ्यांवर बसून त्या शोधत होतो.
फॉर्म कुठे ठेवले ते मला आठवलंच नाही.

पुढच्या बुधवारी सर्वेक्षणाचं पत्र आलं.
त्यापुढच्या बुधवारी बेलापूरला प्रशिक्षण:
गार हॉल, दोनशे खुर्च्या, पडद्यावर बाण,
बाणाच्या टोकाला "सहकार्य".
वही कुणाचीच नव्हती.
येताना बसस्टॉपवर मुकादम सरांनी
तिकिटाच्या मागे अपूर्णांक काढून दाखवला,
तेवढ्यात आमची बस निघून गेली.

चौथ्या बुधवारी गुळवेबाईंनी पुन्हा पेटी काढली.

दरम्यान मधल्या सुट्टीत मी वैजंतीला बोलावलं,
काड्या दिल्या. तिनं जुडी सोडली,
मोजल्या, पुन्हा मोजल्या, पंचवीस म्हणाली,
आणि रबर मनगटात चढवून विचारलं,
"बाई, बांधायचं असेल तर परत कधी बांधायचं?"

मला नीट सुचलं नाही.
"बुधवारी विचारून सांगते," म्हटलं.